दुवा दिलेलं घर

सकाळी सातला लावलेला पंप अकरा वाजले तरी धडधडत होता, आणि तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी काही पाण्यातून वर यायचं नाव घेत नव्हती.

उलकान अंगणात उलट्या बादलीवर बसून बटाटे निवडत होती. निवडत होती म्हणायचं आपलं. पाणी कधी शिरलं देव जाणे, आठवडाभर कुणी खाली उतरलंच नव्हतं. आठवडाभर भिजलेल्या बियाण्यात निवडायचं काय? तरी एकेक बटाटा हातात घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा, अंगठा आत गेला की डावीकडे, नाही गेला की उजवीकडे. उजवीकडचा ढीग एका टोपीत मावला असता. आठ पोती होती. वरच्या गावचं, डोंगराकडचं बियाणं. तिच्या नवऱ्याने, सादिरने, तीस हिवाळे राखलेलं. सादिरला जाऊन चार वर्षं झाली, त्याने स्वतः विटा थापून बांधलेलं घर विकून सात महिने, आणि खाली चूय नदीच्या सपाटीवर हे घर घेऊन जेमतेम पाच.

जर्दाळूला बहर आला होता. पाकळ्या सडक्या बटाट्यांवर पडत होत्या. उलकानला त्यांचाही राग आला. मेल्यांना आजच फुलायचं होतं.

"किती गेलं, दादा?" बुरुलने ओसरीवरून विचारलं. ती तालासहून रात्रभर गाडीत बसून आली होती आणि आल्यापासून तिने अंगावरचा कोट काढला नव्हता.

"एक पायरी," खालून मायरामबेकचा आवाज आला.

"तासाभरापूर्वीही तू एकच पायरी म्हणाला होतास."

"मग ये खाली, तू मोज! पट्टी देतो हातात!"

मायरामबेक थोरला. रस्त्याच्या कामावर मुकादम, त्यामुळे रोलरच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. घरातही तो तसाच बोलायचा. भाड्याने पंप त्यानेच आणला होता, नळी फाटकातून बाहेर नेऊन रस्त्याकडेच्या पाटात त्यानेच सोडली होती. धाकटा एलामन गुडघ्यापर्यंत विजार वर करून त्याच्या मागे मागे बादल्या भरत होता. दर दोन मिनिटांनी "दादा, ही इकडे ओतू?" असं विचारत होता. तिशीचा बाप्या झाला, पण थोरला भाऊ आला की पुन्हा दहा वर्षांचा व्हायचा.

फाटकापाशी बेगिमाय चहाची किटली घेऊन उभी होती. एलामनची बायको, ह्या घरची धाकटी सून. तिने नळीकडे पाहिलं, पाटातल्या पाण्याकडे पाहिलं, मग घराच्या पायाकडे पाहिलं. तोंड उघडलं. तेवढ्यात मायरामबेक जिन्यातून वर आला, तशी तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, किटली ठेवली आणि आत गेली.

दमली असेल पोर, उलकानला वाटलं. रात्रपाळी करून आली होती दवाखान्यातून, आणि आल्या आल्या कणीक मळायला बसली होती.

तीन वर्षांत बेगिमायने मोठ्या दिराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव तर सोडाच, त्यांच्याशी समोरासमोर एक सरळ वाक्य बोलली नव्हती. काही सांगायचंच झालं तर एलामनकरवी, नाहीतर सासूकरवी. उलकाननेच तिला तसं शिकवलं होतं. उलकानला तिच्या सासूने शिकवलं होतं. शिकवणं सोपं असतं. निभावणाऱ्याचा जीव जातो.

आणि हेच उलकानला शुक्रवारपासून खात होतं. तळघरात पाणी पहिल्यांदा बेगिमायनेच पाहिलं. लोणच्याची बरणी आणायला उतरली ती मांड्यांपर्यंत भिजून वर आली. उलकान चुलीपाशी बसली होती. बेगिमायने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आई, पाणी आलं." त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी सांगितलं होतं ना, असं म्हणाली असती तर उलकानही दोन शब्द बोलून मोकळी झाली असती.

कारण तिने सांगितलं होतं. नोव्हेंबरात, ह्याच घरात, ह्याच ओसरीच्या आतल्या खोलीत.

घरं बघून बघून सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. ते नववं घर. एकाला छप्पर नाही, एकाला कागद नाहीत, एकाची शेजारीण भांडकुदळ. उलकानचे गुडघे सुजले होते, गावचं घर विकून दोन महिने बुरुलच्या नवऱ्याच्या चुलतभावाकडे काढले होते, आणि परक्या घरात सकाळी आपल्याआधी कोण उठलंय ह्याचा कानोसा घेत अंथरुणात पडून राहायचा तिला वीट आला होता. मायरामबेक बॅटरी घेऊन तळघरात उतरला, भिंती ठोकून पाहिल्या. "बघा, माणूस कसा टापटिपीचा! तळघराला ताजा चुना दिलाय!" असं म्हणत वर आला. शाबदानने, घर विकणाऱ्याने, मटण शिजवून ठेवलं होतं. सगळे खाली अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवायला बसले. जेवण झालं. व्यवहार पक्का व्हायला आता फक्त वडीलधाऱ्या माणसाने तळवे उघडून दुवा द्यायची, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवायचे, की झालं. त्यानंतर बोललेलं मागे घेता येत नाही. कागदावरची सही फिरवतील लोक, दुवा नाही फिरवत.

वडीलधारी म्हणजे उलकानच. तिने तळवे उघडले. आणि त्याच वेळी चहा ओतायला वाकलेली बेगिमाय तिच्या कानाशी म्हणाली, "आई, खाली फळीच्या मागे चुना दिलेला नाही. भिंतीवर कमरेइतकी ओलीची रेघ आहे. आणि शेजारची फातमे कुंपणावरून म्हणाली, पाटाला पाणी सुटलं की ह्या रांगेतली तळघरं भरतात."

पंधरा माणसं हात पसरून तिच्याकडे बघत होती.

उलकानने डोळे मिटले आणि दुवा दिली. ह्या घरात चूल विझू नये, पाळणा रिकामा राहू नये. व्यवस्थित, लांबलचक दिली. नंतर भांडी घासताना तिने बेगिमायला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. आता हे कुणाजवळ बोलू नकोस. एलामनजवळही नाही."

"बरं," बेगिमाय म्हणाली. आणि नाही बोलली.

*

जेवायला बसले तेव्हा दीड वाजला होता. पंप बाहेर चालूच होता. बंद केला की तासाभरात पाणी होतं तिथे येत होतं, आणि चालू ठेवला तरी होतं तिथेच राहत होतं. मायरामबेकने हात टेकले होते, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दस्तरखानावर नान होता, कणकेचे तळलेले बोरसोक होते, साय होती, वाचलेल्या एकमेव बरणीतला जर्दाळूचा मुरंबा होता. बेगिमाय दाराशी, सर्वांत खालच्या जागेवर बसून चहा ओतत होती. वाटीत अर्धाच चहा, त्यांच्याकडे देतात तसा, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा. आज कुणी मागत नव्हतं.

"हे घर विकायचं," मायरामबेक म्हणाला. "उन्हाळा संपला, पाणी उतरलं, की चुना मारून विकायचं."

"म्हणजे शाबदानने केलं तेच आपण करायचं," बुरुल म्हणाली. "वा! बाबांचं घर विकून आपण हेच शिकलो म्हणायचं."

"तू आणि तुझं बाबांचं घर! सात महिने तेच दळण दळतेस. वरती दवाखाना नाही, शाळा नाही, आईला बर्फात कुणी आणलं असतं खाली?"

"तिथे पाणी तरी नव्हतं तळघरात!"

"बरं. मग ऐक. आई माझ्याकडे येईल. आजच. ओलीत तिचे गुडघे जातील."

एलामनच्या हातातला बोरसोक तसाच राहिला. आई धाकट्याकडे राहते, हे काय आज ठरलेलं आहे? आई थोरल्याने उचलून नेली म्हणजे धाकटा नालायक आणि धाकट्याची बायको त्याहून नालायक. सगळ्या नात्यात बोभाटा व्हायला एक दिवस पुरतो. सुनेच्या माहेरच्यांनी पुन्हा कुठल्या लग्नात मान वर करून बसायला नको.

"तुझ्याकडे कुठे?" बुरुल आता उलटली. "पाचव्या मजल्यावर? लिफ्ट वर्षभर बंद. एकदा वर चढवलीस की आई खाली येईल ती थेट मातीलाच! मी नेते तिला."

"तालासला? तुझ्या सासऱ्याच्या खोकल्यात?"

"माझ्या सासऱ्याचं नाव काढू नकोस!"

उलकान दोघांकडे बघत होती. आपण इथेच बसलो आहोत हे दोघांच्याही लक्षात नसावं. भांडीकुंडी वाटून घेतात तशी चाललीये माझी वाटणी, तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला कुठेही नेलं असतं तरी चाललं असतं, फक्त कुणी बोलू नका.

"पण हे घर घ्यायचा हट्ट कुणाचा होता?" बुरुलने चहाची वाटी आदळली. "माझा नव्हता. आईचा नव्हता. दवाखाना दहा मिनिटांवर, नोकरी दहा मिनिटांवर. कुणाची नोकरी?"

कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. बेगिमाय किटलीचं झाकण नीट बसवत राहिली.

"मी स्वतः उतरून पाहिलं होतं," मायरामबेक म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "बॅटरी मारून पाहिलं होतं. कोरडं ठणठणीत. पण घाई झाली. मला अजून दोन घरं बघायची होती. हे घाई करत होते." त्याने हनुवटी धाकट्याकडे उडवली.

एलामनने सगळ्यांकडे पाहिलं. भावाकडे, बहिणीकडे. आईकडे पाहायचं त्याने टाळलं.

"मला तर ते आधीचं, सहावं घर आवडलं होतं," तो म्हणाला. "हिलाच हे हवं होतं. मी काय करणार?"

झालं! खापर फोडायला डोकं सापडलं. नवऱ्यानेच धरून दिलं.

बेगिमायने मान वर केली नाही. फक्त तिचे हात थांबले. मग तिने किटली उचलली आणि बुरुलची वाटी भरायला लागली, अर्धीच, रीतीप्रमाणे. उलकानने तिचे हात पाहिले. पाण्याने आणि कणकेने भेगाळलेले. एक शब्द बोलली असती तर सुटली असती ती. शुक्रवारपासून तीन दिवस तो शब्द तिच्या तोंडात होता, आणि पोरीने मिठाची गुळणी धरून ठेवली होती. कुणासाठी? जी म्हातारी समोर बसून मुरंबा चाखत होती तिच्यासाठी.

उलकानला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला चमचा तिने खाली ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?" मायरामबेकने विचारलं.

"पाणी भरतं ते. दुवा द्यायच्या आधी मला सांगितलं होतं. भिंतीवरच्या रेघेचं, शेजारणीचं, सगळं."

"कुणी सांगितलं?"

"हिने. चहा ओतताना, कानात. मी ऐकलं आणि दुवा दिली."

बुरुल हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "आई, तू हिला पाठीशी घालतेस. चांगलं आहे. तुला राहायचंय हिच्या हाताखाली."

"पाठीशी घालते? मी?" उलकानचा आवाज चढला, तो आवाज मुलांनी सादिर गेल्यापासून ऐकला नव्हता. "अगं, पाठीशी मी लपलेय हिच्या! पाच महिने! बेगिमाय, इकडे बघ. त्या दिवशी तू मला काय सांगितलंस ते सांग. मला नको, ह्याला सांग. ह्याच्या तोंडाकडे बघून सांग."

बेगिमाय उठून उभी राहिली. रुमालाचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"आई, नको."

"सांग म्हणते ना!"

"मोठे भाऊजी," बेगिमाय म्हणाली, आणि थांबली. तीन वर्षांतलं पहिलं वाक्य होतं ते. कुठून सुरू करतात तेही तिला माहीत नसावं. "तुम्ही बघितलं ते खरंच होतं. कोरडंच होतं तेव्हा. हिवाळ्यात पाट बंद असतात. पण तुम्ही वर गेल्यावर मी बरणी ठेवायची फळी सरकवून पाहिली. मागे चुना नव्हता. रेघ होती. इथपर्यंत." तिने कमरेला हात लावला. "मग फातमेला विचारलं. ती म्हणाली, एप्रिलमध्ये भरतं, जुलैमध्ये उतरतं. ते मी आईंना सांगितलं."

"आणि मला?" एलामन म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?"

"आईंनी नको म्हटलं होतं."

एलामनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. इतका वेळ बायकोकडे न बघता बोलत होता, आता तिच्याकडे बघत राहिला.

"आई," मायरामबेक सावकाश म्हणाला. "का?"

कारणं पुष्कळ रचली होती तिने. रात्री पडल्या पडल्या रचली होती. पंधरा माणसांत थोरल्याचा अपमान होईल, मटण खाऊन उठून जाणं शोभत नाही, सुनेच्या शब्दावर व्यवहार मोडला तर लोक हसतील. सगळी खरीच होती. पण त्यातलं एकही ह्या क्षणी तोंडातून निघेना.

"मी दमले होते रे," उलकान म्हणाली. "दहावं घर बघायची ताकद नव्हती माझ्यात. हात उघडले होते, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. झालं."

बाहेर पंप धडधडत होता. बुरुलने अखेर कोट काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि बेगिमायला म्हणाली, "बस गं खाली. मी ओतते." एवढंच. माफीबिफी मागणं त्यांच्या घरात कुणाला येत नव्हतं. सादिरलाही येत नव्हतं. बेगिमाय बसली, पण दाराशी नाही. बुरुलने हाताला धरून तिला आपल्याशेजारी बसवलं.

"मी कुठेही जाणार नाही," उलकान म्हणाली. "पाचव्या मजल्यावर नाही आणि तालासलाही नाही. ह्या घराला दुवा मी दिलीये. पाण्यासकट दिलीये. विकायचं की नाही ते ज्यांना राहायचंय ते दोघं ठरवतील. आणि विकायचं झालं तर घेणाऱ्याला फळी सरकवून दाखवायची."

मायरामबेकने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला होता. नव्या चुन्याचं कौतुक आपणच केलं होतं हे त्याला आठवत असणार.

"चला," तो म्हणाला. "दुवा दे आई, उठू दे. खाली पाणी वाट बघतंय."

जेवणानंतरची दुवा, रोजचीच. सगळ्यांनी तळवे उघडले. मायरामबेकने, बुरुलने, एलामनने, आणि शेवटी बेगिमायने. उलकाननेही उघडले. बटाट्यांचा वास होता हातांना. डोळे मिटायला गेली, आणि मिटले नाहीत.

"बेगिमाय," ती म्हणाली. "काही सांगायचं राहिलंय का, पोरी?"

बेगिमायने चमकून पाहिलं. मग मोठ्या दिराकडे. मग स्वतःच्या उघड्या तळव्यांकडे.

"आहे," ती म्हणाली.

"सांग. आम्ही थांबलोय."

"नळी. ती रस्त्याच्या पाटात सोडलीये ना, तिथूनच पाणी घराच्या पायात मुरून परत येतंय. पाट घरापेक्षा वरच्या अंगाला आहे. फातमेकडे मागच्या बाजूला सोडतात, शेताकडे निचऱ्याचा चर आहे तिकडे. उतार तिकडे आहे."

"कधी कळलं तुला हे?" मायरामबेकने विचारलं.

"सकाळी सातला."

सात ते दोन. सात तास त्याने तेच पाणी उपसलं होतं आणि तेच पाणी परत घेतलं होतं. मायरामबेकने तोंड उघडलं. आता ओरडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. एलामनने तर खांदेही उचलून धरले.

पण मायरामबेकने उघडे तळवे मांड्यांवर ठेवले, गुडघ्यावर हात देऊन कण्हत उठला आणि दाराशी जाऊन ओले बूट पायात कोंबायला लागला.

"चर कुठल्या बाजूला म्हणालीस?" त्याने पाठमोरंच विचारलं.

"जर्दाळूच्या मागे. डाव्या हाताला."

"एलामन, ऊठ, नळी धर." आणि मग दारातून, जरा हळू, "तूही ये बेगिमाय. जागा दाखव."

तिघं गेले. खिडकीतून नळी अंगणातून ओढल्याचा आवाज आला, बेगिमायचा आवाज आला, "तिथे नाही, अजून पुढे," आणि मग पुन्हा, मोठ्याने, "अजून पुढे!"

"आई, हात खाली कर," बुरुल म्हणाली. "दुखतील."

"दुखू देत," उलकान म्हणाली. खांद्यात कळ येत होती, डोळ्यांवर झापड येत होती, आणि चहा केव्हाच निवला होता. तिने तळवे तसेच उघडे धरले आणि ते तिघं परत येईपर्यंत वाट बघत बसून राहिली.